दोन केसेसच्या मधली वीस मिनिटं: इन्स्ट्रुमेंट्स द्रावणात बुडवली की झालं?

सांजवारा
एका छोट्या शस्त्रक्रिया केंद्रात ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. आधीच्या मोठ्या रुग्णालयात सीएसएसडी (इन्स्ट्रुमेंट्स धुऊन निर्जंतुक करणारा विभाग) वेगळं होतं. वापरलेला सेट एका खिडकीतून द्यायचा, दुसऱ्या खिडकीतून पॅक झालेला घ्यायचा. मधे काय होतं ते पाहायची वेळ फारशी आली नाही. इथे सिंक, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि कपाट एकाच खोलीत आहे आणि सगळं आमच्याच हातून होतं.

इथली रीत अशी. केस संपली की इन्स्ट्रुमेंट्स ब्लीचच्या पाण्यात टाकायची, मग नळाखाली धुवायची. लगेच पुढची केस असेल तर २ टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात २० मिनिटं बुडवायची, स्टराइल पाण्यातून काढायची आणि ट्रॉलीवर लावायची. दिवस संपल्यावर सगळं ऑटोक्लेव्हला जातं. लॅपरोस्कोपीचा (छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने करायच्या ऑपरेशनचा) सेट मात्र कायम द्रावणातच असतो, तो ऑटोक्लेव्ह कधी पाहतच नाही.

मला हे खटकतंय. पण "वर्षानुवर्षं असंच चाललंय, कुणाला काही झालं नाही" असं उत्तर मिळतं. २० मिनिटं खरंच पुरतात का? आणि आधी ब्लीच वापरणं बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं.

चिमटा
नाही पुरत. २० मिनिटांत हाय लेव्हल डिसइन्फेक्शन होतं, म्हणजे स्पोअर्स सोडून बाकीचे जंतू मरतात. स्टरिलायझेशन, म्हणजे सगळेच मरणं, होत नाही. जिवाणूंचे स्पोअर्स, म्हणजे त्यांची चिवट सुप्त रूपं, मारायला त्याच द्रावणात १० तास ठेवावं लागतं.

अणुरेणू
चिमटा यांच्याशी सहमत. थोडं सविस्तर लिहिते, मी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे.

कुठल्या वस्तूला काय लागतं याची स्पॉल्डिंग यांनी केलेली विभागणी १९६८ पासून जगभर वापरात आहे. शरीराच्या निर्जंतुक भागात किंवा रक्तवाहिनीत जाणारी वस्तू क्रिटिकल, ती स्टराइलच हवी. नुसत्या श्लेष्मल त्वचेला लागणारी, म्हणजे गॅस्ट्रोस्कोप किंवा लॅरिंगोस्कोपचं ब्लेड, सेमी-क्रिटिकल. तिला हाय लेव्हल डिसइन्फेक्शन किमान हवं. धडधाकट कातडीला लागणारा बीपीचा पट्टा नॉन-क्रिटिकल. पोटात जाणारी आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), सिझर, ट्रोकार (पोटात छिद्र करून वाट ठेवणारी नळी) सगळी पहिल्या गटात येतात. तिथे २० मिनिटांचा मुद्दाच उद्भवत नाही.

"कुणाला काही झालं नाही" याबद्दल. लॅपरोस्कोपीनंतर पोर्टच्या (दुर्बीण आत घालायच्या छिद्राच्या) जागी होणारा ॲटिपिकल मायकोबॅक्टेरियाचा (क्षयाच्या जंतूच्या नात्यातल्या जंतूंचा) संसर्ग लगेच दिसत नाही. जखम छान भरते, टाके निघतात, रुग्ण घरी जातो. काही आठवड्यांनी त्याच जागी गाठ येते, पाणी झिरपायला लागतं, नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी काही होत नाही. औषधं महिनोन्‌महिने चालतात. एव्हाना रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे जात असतो. मूळ ठिकाणी खबर पोचतच नाही आणि वहीत "संसर्ग: शून्य" लिहिलं जातं.

हे जंतू पाण्यात राहतात आणि ग्लुटराल्डिहाइडला दाद न देणारे वाणही सापडले आहेत. ब्राझीलमध्ये २००० च्या दशकात अशा एका वाणामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाची मोठी साथ आली होती, त्यात लॅपरोस्कोपीचे रुग्ण बरेच होते. २ टक्के द्रावणातही तो वाण तग धरून होता.

टाकेदार
मी जनरल सर्जन आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. सकाळी एकामागून एक चार केसेस असतात आणि लॅपरोस्कोपीचा सेट एकच. ऑटोक्लेव्हची सायकल, वाळवणं, थंड होणं धरलं तर प्रत्येक केसमागे तास-दीड तास जातो. उपाशीपोटी थांबलेला मधुमेही रुग्ण आहे, भूलतज्ज्ञांना पुढे दुसरीकडे जायचंय. टेलिस्कोप, म्हणजे पोटात घालायची दुर्बीण, वाफेत खराब होतो तो वेगळाच. पुस्तकातलं सगळं बरोबर आहे हो, पण छोट्या ठिकाणी काम कसं चालवायचं ते कुणी सांगत नाही.

मोगरा_जुना
मी ओटीत सिस्टर म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. टाकेदार डॉक्टर, तुमची अडचण मला पुरती ठाऊक आहे. पण सांजवारा ताईंच्या पोस्टमधलं मला सगळ्यांत जास्त काय टोचलं सांगू? "मग नळाखाली धुवायची." हे एवढंच वाक्य! सगळे द्रावणाची मिनिटं मोजतात आणि धुण्याचं कुणी विचारत नाही. खरं काम तिथेच आहे.

आर्टरीच्या सांध्यात, दातांच्या खाचेत, रॉन्जरच्या (हाड कुरतडायच्या इन्स्ट्रुमेंटच्या) जबड्यात रक्त वाळून बसलेलं असतं. ते निघालं नसेल तर वाफ असो, द्रावण असो, खालच्या जंतूपर्यंत पोचत नाही. ग्लुटराल्डिहाइड तर प्रथिनं घट्ट करतं, रक्त आणखी चिकटून बसतं. गरम पाण्यानंही तेच होतं. म्हणून पहिलं पाणी थंड घ्यायचं.

धुण्याची सुरुवात सिंकपाशी होत नाही, टेबलावर होते. केस चालू असतानाच स्क्रब सिस्टरने वापरलेलं इन्स्ट्रुमेंट स्टराइल पाण्यात भिजवलेल्या गॉजने पुसून ठेवायचं, सक्शनच्या नळीतून पाणी ओढायचं. सलाइन वापरू नका, त्यातलं मीठ स्टीलला खातं. केस संपली की एन्झाइमचा (रक्त-मळ सोडवणाऱ्या द्रावाचा) फेस फवारायचा किंवा ओला टॉवेल झाकून डब्यातून न्यायचं. वाळू दिलं की काम तिप्पट झालंच.

सिंकमध्ये प्रत्येक सांधा उघडायचा, सुटे होणारे भाग सुटे करायचे. एन्झाइमच्या पाण्यात बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ, तेवढ्याच तापमानाला. मग मऊ ब्रशने पाण्याच्या आत घासायचं. वर धरून घासलं की तुषार डोळ्यात, तोंडावर येतात. नळीच्या जाडीचा ब्रश आत घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढायचा. जाड हातमोजे, प्लॅस्टिकचा एप्रन, चेहऱ्यावर शील्ड. तारेची घासणी वापरताना कुणी दिसलं की मी ती सरळ कचऱ्यात टाकायचे.

सांजवारा
मोगरा ताई, हे छापून सिंकवर लावते. ब्लीचचं काय? इथल्या मावशी म्हणतात, ब्लीचमध्ये बुडवल्याशिवाय हात लावणार नाही, सुया टोचल्या तर? त्यांची भीती मला खोटी वाटत नाही.

चिमटा
ब्लीचचा अर्धा टक्का आणि १० मिनिटं आम्हीही शिकलो. परीक्षेत तेच उत्तर होतं.

अणुरेणू
हो, पूर्वी तेच शिकवायचे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निर्जंतुकीकरण पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे की धुण्याआधी क्लोरीनच्या किंवा कुठल्याही डिसइन्फेक्टंटच्या द्रावणात भिजवू नये. रक्त आणि मळ असला की क्लोरीन निकामी होतं, म्हणजे संरक्षण मिळाल्याचा नुसता भास. शिवाय स्टील गंजतं, आणि असं द्रावण भरलेलं भांडं खोलीतून इकडून तिकडे नेताना सांडतं.

मावशींची भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. टेबलावरून निघण्याआधी सुया आणि ब्लेड स्क्रब सिस्टरनेच काढून शार्प्सच्या डब्यात टाकायच्या, धारदार वस्तू वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायच्या, जाड हातमोजे द्यायचे आणि हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करायची. मावशींना ढीग उपसायला लावून वर ब्लीचचा भरवसा देणं हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

उंबरठा
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. पुढच्या महिन्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. धागा वाचून झोप उडाली. नातेवाइकाने डॉक्टरांना याबद्दल विचारणं उद्धटपणा ठरतो का? आणि विचारायचं ते नेमकं काय?

टाकेदार
मुळीच उद्धटपणा नाही. "दुर्बिणीचा सेट कशाने स्टरिलाइझ करता? दोन ऑपरेशन्सच्या मधे किती वेळ ठेवता?" एवढं सरळ विचारा. उत्तर द्यायला मला तरी राग येणार नाही. शक्य असेल तर पहिली केस मागा.

मोगरा_जुना
आणि पॅक तुमच्यासमोर उघडणार नाहीत, पण स्टराइल पॅकमधली, वाफेने रंग बदलणारी इंडिकेटरची पट्टी फाइलला लावता का हे विचारा. लावत असतील तर तिथे कुणीतरी लक्ष देतंय. आईंना लवकर बरं वाटो.

पान्हेवाला
रुग्णालयातली यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर आहे. ऑटोक्लेव्हबद्दल लिहितो, कारण "ऑटोक्लेव्हला टाकलं" म्हटलं की सगळे निश्चिंत होतात.

वाफ मारते कशी? संपृक्त वाफ थंड धातूला लागून पाणी होते आणि होताना आपली सुप्त उष्णता एकदम त्याला देऊन टाकते. कोरडी गरम हवा हे करू शकत नाही, म्हणून तिथे १६० अंशाला २ तास लागतात आणि वाफेत १२१ अंशाला १५ मिनिटं, १३४ अंशाला ३ मिनिटं. पण ही मिनिटं आतल्या वस्तूचं तापमान तिथे पोचल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. आणि वाफेच्या वाटेत हवा अडकली तर सगळं मुसळ केरात. घडीच्या आत, नळीच्या पोकळीत हवेचा कप्पा राहिला की तिथे वाफ शिरतच नाही, काटा मात्र बाहेर १२१ दाखवत राहतो.

खाली व्हॉल्व्ह असलेलं साधं उभं ऑटोक्लेव्ह हवा नुसती वजनाने खाली ढकलतं. अरुंद नळ्या आणि पॅक केलेले सेट असतील तर व्हॅक्यूम ओढणारं यंत्र हवं. त्या यंत्राची रोज सकाळी, रिकाम्या चेंबरमध्ये, बोवी-डिक चाचणी करायची. १९६३ साली बोवी आणि डिक यांनी ती सुचवली. कागदावरचा रंग सगळीकडे सारखा बदलला तर हवा नीट निघते. मधे फिकट डाग राहिला तर त्या दिवशी यंत्र बंद, मला फोन करा.

आणखी एक. पॅकवरची काळ्या रेघांची टेप फक्त एवढंच सांगते की हा पॅक गरम वाफेत जाऊन आला. आतलं स्टराइल झालं असं ती सांगत नाही. त्यासाठी पॅकच्या आत रासायनिक इंडिकेटर आणि ठरावीक दिवसांनी बायोलॉजिकल इंडिकेटर, म्हणजे एक छोटी कुपी. त्या कुपीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे स्पोअर्स असतात, वाफेला फार चिवट. ते मेले तर बाकीचे मेलेच. इम्प्लांट असलेल्या प्रत्येक लोडमध्ये ती कुपी घातलीच पाहिजे.

दातांची_माळ
पान्हेवाला, आमच्या दाताच्या दवाखान्यात लोक टेपचा रंग पाहूनच खूश होतात. हँडपीसचंही, म्हणजे दात कोरायच्या यंत्राच्या मुठीचंही, लिहा ना कुणीतरी! बाहेरून पुसून पुढच्या रुग्णाला वापरणारे अजून आहेत. आत टर्बाइनमध्ये लाळ, रक्त ओढलं जातं. आधी साफ करून तेल देऊन, मग पाउचमध्ये घालून प्रत्येक रुग्णामागे ऑटोक्लेव्ह, याला दुसरा पर्याय नाही.

चिमटा
तेलावरून आठवलं. साध्या मशीनचं तेल सांध्याला लावणारे पाहिलेत मी. तेलाच्या थरातून वाफ जात नाही. पाण्यात मिसळणारं पांढरं इन्स्ट्रुमेंट मिल्क असतं, तेच वापरायचं.

नेत्रपल्लवी
डोळ्यांच्या ओटीतली आहे. सगळे "जंतू मेले की झालं" या अंगाने बोलताहेत, म्हणून हे लिहिते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत डोळा लाल, दिसणं धूसर, बुबुळासमोरच्या पोकळीत दाह. जंतू शोधायला जावं तर काही सापडत नाही. याला टॉक्सिक अँटिरिअर सेगमेंट सिंड्रोम म्हणतात, टास. कारणं बरीच आहेत, पण इन्स्ट्रुमेंट्सची साफसफाई त्यात वरच्या नंबरावर. बारीक कॅन्युलात (पोकळ नळीत) व्हिस्कोइलास्टिक जेल (ऑपरेशनमध्ये डोळ्यात घालतात ते) वाळून बसतं. एन्झाइमचं पाणी नीट निघालेलं नसतं. अल्ट्रासोनिकच्या (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) टाकीतलं पाणी शिळं असतं, त्यात जंतू वाढून मेलेले असतात आणि त्यांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या कवचातलं विष, उरतं. हे एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हच्या उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे स्टरिलायझेशन निर्दोष, इंडिकेटर पास, आणि तरी रुग्णाच्या डोळ्याला इजा.

म्हणून आमच्याकडे कॅन्युलातून केस संपताक्षणी स्टराइल पाणी सोडतात, नंतर पुन्हा भरपूर पाण्याने आतून धुतात आणि हवा मारून आतून कोरडी करतात. जिथे जमेल तिथे एकदाच वापरायच्या कॅन्युला.

मोगरा_जुना
नेत्रपल्लवी, अगदी मनातलं बोललीस. शेवटचं पाणीही चांगलं हवं. क्षार असलेल्या पाण्याने विसळलं की डाग पडतात, क्लोराइडने खड्डे पडतात. विसळायला आरओचं किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घ्यावं. डाग की गंज हे ओळखायला पेन्सिलचा खोडरबर घासून पाहा. डाग गेला आणि खाली गुळगुळीत स्टील असेल तर डाग. खाली खड्डा दिसला तर गंज, ते इन्स्ट्रुमेंट बाजूला काढायचं. गंजलेल्या एकासोबत ठेवलेली चांगलीही गंजतात.

दातांची_माळ
अल्ट्रासोनिक घ्यावं का? आमच्याकडे घासण्याऐवजी तेच चालतं.

पान्हेवाला
घ्यावं, पण घासण्याऐवजी नाही. ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, ते खाचेतला मळ ओढून काढतात. ढोबळ मळ आधी हाताने काढलेला असला पाहिजे. पाणी ताजं भरलं की आधी इन्स्ट्रुमेंट्स न घालता टाकी काही मिनिटं चालवून त्यातला वायू काढायचा. इन्स्ट्रुमेंट्स उघडी ठेवायची, एकावर एक रचायची नाहीत, झाकण लावायचं. वेगवेगळ्या धातूंची एकत्र घालू नका. आणि ते जंतू मारत नाही, हे लक्षात असू द्या.

सांजवारा
लॅपरोस्कोपीच्या सेटवर अडकलेय. टाकेदार डॉक्टर म्हणतात तशी टेलिस्कोप खराब होण्याची भीती आमच्या सरांनाही आहे. इथे एक प्लॅस्टिकचा डबा आहे, त्यात फॉर्मलिनच्या गोळ्या टाकून केबल आणि टेलिस्कोप ठेवतात. त्याचं काय करू?

अणुरेणू
गोळ्यांचा डबा आजच बंद करा. त्यात वायूचं प्रमाण, आर्द्रता, तापमान काहीच हातात नसतं, त्यामुळे काय मेलं आणि काय राहिलं ते कळायला मार्ग नाही. फॉर्मल्डिहाइड मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत मोडतं, आणि तो डबा रोज उघडणाऱ्या तुम्हीच आहात.

पान्हेवाला
टेलिस्कोपच्या अंगावर "ऑटोक्लेव्हेबल" कोरलंय का बघा. बऱ्याच नव्या टेलिस्कोप १३४ अंश सहन करतात. त्यांना मारते ती वाफ नाही, घाई. गरम असताना थंड पाण्यात घातली की काचेच्या जोडाला तडा जातो. आपोआप गार होऊ द्या. नसेल कोरलेलं तर हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माचं (कमी तापमानाला निर्जंतुक करणारं) यंत्र, साधारण ५० अंशाच्या आसपास चालतं, सायकल तासाभराच्या आत-बाहेर. त्यात कागद, कापूस, लिनन चालत नाही आणि आत पाण्याचा थेंब राहिला तर यंत्र सायकल तोडतं. लांब अरुंद नळ्यांना त्याची मर्यादा आहे. इथिलीन ऑक्साइड सगळीकडे शिरतं, पण नंतर वायू निघून जायला कित्येक तास एरेशन लागतं, म्हणजे दोन केसेसच्या मधे त्याचा उपयोग नाही.

बाकी हँडल, शाफ्ट, इन्सर्ट तीन तुकड्यांत सुटणारी हँड इन्स्ट्रुमेंट्स घ्या. न सुटणाऱ्या जुन्या ग्रास्परच्या (पकडायच्या इन्स्ट्रुमेंटच्या) आत काय साठलंय ते मी कापून पाहिलंय. वर्णन करत नाही. आणि शाफ्टवरचं इन्सुलेशन दर वेळी तपासा, बारीक चिरेतून कॉटरीचा (विजेने रक्त थांबवणाऱ्या यंत्राचा) करंट आतड्याला भाजतो.

टाकेदार
पान्हेवाला, टेलिस्कोपवरचं कोरलेलं आज वाचलं. "ऑटोक्लेव्हेबल" लिहिलंय! विकणाऱ्याने तोंडी "वाफेत घालू नका" सांगितलं होतं आणि आम्ही तेच धरून बसलो होतो.

तरीही वेळेचा प्रश्न राहतोच. सेट वाढवायचे तर किती?

मोगरा_जुना
डॉक्टर, तुमच्या यादीकडे बघून ठरवा. एक सेट वापरात, एक धुण्यात-ऑटोक्लेव्हमध्ये, एक थंड होऊन तयार, असे तीन असले की एकामागून एक केसेस चालतात. महाग भाग सगळे तिप्पट लागत नाहीत. ट्रोकार, ग्रास्पर, क्लिप ॲप्लिकेटर वाढवा. टेलिस्कोप दोन पुरतात. आणि यादी लावताना दोन लॅपरोस्कोपीच्या मधे हर्निया किंवा गाठ काढायची केस घाला. मधल्या वेळात सेट आरामात तयार होतो, मधुमेही रुग्णाला पहिला घ्या. हे मी सर्जनना सांगायचे तेव्हा काही ऐकायचे, काही नाही. जे ऐकायचे त्यांच्या ओटीत शेवटच्या केसला कुणी धावपळ करत नसे.

चिमटा
+१. आणि ओला पॅक निघाला तर वापरायचा नाही. ओल्या कापडातून जंतू आत शोषले जातात. घाईत दार उघडून पॅक काढणं हे त्याचं मुख्य कारण. चेंबर ठासून भरणं हे दुसरं. पाउच उभे ठेवा, वाट्या-बेसिन तिरक्या.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सरांशी बसले. ब्लीचची बादली गेली, तिच्या जागी एन्झाइमचं झाकणवालं भांडं आलं. मावशींना जाड हातमोजे आणि शील्ड दिले, लसीचा पहिला डोस झाला. गोळ्यांचा डबा टाकून दिला. आमच्या टेलिस्कोपवर "ऑटोक्लेव्हेबल" नाही, म्हणून ती प्लाझ्मा असलेल्या ठिकाणी रोज संध्याकाळी पाठवायची बोलणी सुरू आहेत. तोवर दिवसाला एकच लॅपरोस्कोपी, हे सरांनी मान्य केलं. ट्रोकारचे दोन सेट मागवले.

एकच शंका उरली. धुणं नीट झालंय हे कसं तपासायचं? डोळ्यांना स्वच्छ दिसतं तेवढं पुरे का?

मोगरा_जुना
दिवा लावलेलं भिंग घे, सांधे आणि दात त्याखाली बघ. नळीतून स्वच्छ पांढरा ब्रश काढ, टोकाला रंग आला तर परत सिंकमध्ये. आर्टरी बंद करून उजेडासमोर धर, दातांमधून फट दिसली तर दुरुस्तीला. हे सगळं पॅक करायच्या टेबलावर, सिंकपाशी नाही. आणि धुणारी व तपासणारी व्यक्ती शक्यतो वेगळी ठेव.

अणुरेणू
भिंगाच्या जोडीला प्रथिनं ओळखणारे स्वॅब मिळतात. पुसून कुपीत घातलं की उरलेल्या प्रथिनाने रंग बदलतो. रोज सगळ्यांवर करायची गरज नाही. आठवड्यातून काही अवघड इन्स्ट्रुमेंट्स निवडा, ग्रास्पर, सक्शन, रॉन्जर, आणि निकाल तारखेसह वहीत लिहा. पॅकवर लोड नंबर घालत असाल तर तोच नंबर रुग्णाच्या फाइलवरही घ्या. कधी स्पोअर्सची कुपी फेल झाली तर त्या लोडमधले पॅक कुणाकुणाला वापरले ते लगेच सापडतं.

उंबरठा
विचारलं डॉक्टरांना. त्यांनी सिस्टरना बोलावलं, सिस्टरनी लोडची वही आणून दाखवली, पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. आईची पहिली केस ठरली आहे.

पान्हेवाला
छान झालं. सांजवारा, तुमचं ऑटोक्लेव्ह व्हॅक्यूमवालं आहे की साधं ते लिहा, मग दाराच्या गॅस्केटचं आणि ड्रेनच्या जाळीचं बघू. ती जाळी रोज सकाळी काढून धुवायची असते, बहुतेक ठिकाणी ती कधी निघालेलीच नसते.

सांजवारा
व्हॅक्यूमवालं आहे. जाळी आत्ता काढली. धाग्यांचे गोळे निघाले! उद्या सकाळी बोवी-डिकचा कागद लावते आणि फोटो टाकते.